कार्ल ब्रूअरचा हिशेब बाकी आहे: हॉकी हॉल ऑफ फेमच्या निवड समितीला खुलं पत्र

प्रति,
निवड समितीचे सर्व 18 सदस्य,
हॉकी हॉल ऑफ फेम, टोरांटो

स. न. वि. वि.

दर जूनमध्ये तुमची यादी जाहीर होते. 2025 च्या यादीत झ्डेनो चारा आणि डंकन कीथ असे दोन डिफेन्समन होते, ते वाचून बरं वाटलं. गोल करणाऱ्यांच्या गर्दीत गोल अडवणाऱ्यांची आठवण कुणाला तरी आहे म्हणायची. पण त्या यादीतही आइस हॉकीतला टोरांटोचा जुना डिफेन्समन कार्ल ब्रूअर नव्हता. हयातीत त्याला तुम्ही घेतलं नाही. ऑगस्ट 2001 मध्ये तो गेला, त्यानंतरही घेतलं नाही. एखादं नाव राहून जातं, हे मी समजू शकते. पण खेळाडूंच्या विश्वासावर मोठा झालेला आणि पुढे कोर्टात उभं राहून फसवणुकीची कबुली दिलेला अ‍ॅलन ईगलसन नावाचा माणूस नऊ वर्षं तुमच्या मानकऱ्यांत बसला होता. आणि त्याच्याविरुद्ध बोलायची हिंमत केलेला, खेळाडूंचे कोट्यवधी डॉलर परत मिळवून देणारा माणूस अजून दाराबाहेर आहे. हे मुकाट्याने बघवत नाही, म्हणून हे पत्र.

इंग्रजी प्रत तुमच्या पत्त्यावर रीतसर पाठवली आहे. ही मराठी प्रत आपल्या माणसांसाठी. टोरांटोजवळच्या मिसिसागा, ब्रॅम्प्टनच्या रिंकवर थंडीत पहाटे उठून पोरांच्या स्केटच्या नाड्या आवळणारे मराठी आईबाप आता कमी राहिलेले नाहीत. त्यांना मारिओ लेम्यू माहीत असतो, वेन ग्रेट्स्की तर असतोच. ब्रूअर माहीत असावा असं मला वाटतं.

आधी माझा या प्रकरणाशी संबंध काय ते सांगते. मी खेळाडू नाही, पत्रकारही नाही. टोरांटोत पेन्शनचे हिशेब तपासण्यात माझी नोकरी झाली आणि त्याच कामातून मी निवृत्त झाले. ब्रूअरची आणि माझी गाठ बर्फावर पडलीच नाही. पडली ती एका निकालपत्रात. पेन्शनचं काम शिकत होते तेव्हा ‘बाथगेट विरुद्ध नॅशनल हॉकी लीग पेन्शन सोसायटी’ हा ऑन्टारियोचा खटला समोर आला. पेन्शन फंडात वरकड पैसा साठला तर तो कुणाचा, मालकांचा की कामगारांचा, हा त्यातला प्रश्न. वादी कोण, तर म्हातारे हॉकीपटू! तोपर्यंत हॉकीपटू म्हणजे करोडपती अशीच माझी समजूत होती.

निकालपत्र मी एका बैठकीत वाचून काढलं, कारण त्यातलं दुखणं माझ्या ओळखीचं होतं. मी लालबागची. वडील गिरणीत जॉबर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा धड चालू झालीच नाही. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी यांच्या मागे ते किती वर्षं हिंडले! दुधाच्या रिकाम्या पिशवीत पगाराच्या पावत्या, हजेरीचं तिकीट, आणि एका कागदावर माझ्या अक्षरात लिहिलेला अर्ज. खिडकीपलीकडचा माणूस पिशवीकडे बघायचाही नाही. ‘साहेब जेवायला गेलेत’ किंवा ‘फाईल वर गेलीय’. वडील परत येताना म्हणायचे, ‘पैसे आपलेच, पण मागताना भीक मागितल्यासारखं वाटतं.’ गिरणगावात असे हजारो होते. त्यांतल्या फार थोड्यांच्या नशिबी असा एखादा सहकारी आला, जो कागद घेऊन बसला आणि कोर्टातून पैसे काढूनच उठला. हॉकीच्या म्हाताऱ्यांना तो मिळाला. म्हणून ब्रूअरबद्दल मला आपुलकी आहे, आणि म्हणून तुमच्याबद्दल राग.

तुम्ही म्हणाल, हॉल ऑफ फेम हे खेळाचं देऊळ, कोर्टकचेरीचं नव्हे. ठीक आहे, आधी खेळाचंच बोलू.

ब्रूअर टोरांटोचाच, जन्म 1938 चा. 1956 साली टोरांटो मार्लबरोज संघातून ज्युनियर हॉकीचा मेमोरियल चषक जिंकला आणि 1958-59 पासून नॅशनल हॉकी लीगमधल्या टोरांटो मेपल लीफ्सच्या बचावफळीत पक्का झाला. प्रशिक्षक ‘पंच’ इमलॅकचा (पंच हे त्याचं टोपणनाव) तो संघ बहुतांशी चार डिफेन्समनच्या खांद्यांवर उभा होता: टिम हॉर्टन आणि अ‍ॅलन स्टॅन्ली ही एक जोडी, बॉबी बाऊन आणि कार्ल ब्रूअर ही दुसरी. 1962, 1963 आणि 1964, असे लागोपाठ तीन स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, त्यांनी आणले. हॉर्टन तुमच्याकडे आहे, स्टॅन्ली आहे, खुद्द इमलॅकही आहे.

कबड्डीत चढाई करणाऱ्याचं नाव पेपरात येतं आणि कोपरा धरून घोट्याला मिठी मारणाऱ्याचं येत नाही, डिफेन्समनचंही तसंच. त्यामुळे ‘604 सामन्यांत फक्त 25 गोल’ हा आकडा तोंडावर फेकणाऱ्याला मी पहिल्यांदा विचारते, हा खेळ बघता का हो? त्याच सामन्यांत 198 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास, आहेत. ब्रूअर पक, म्हणजे हॉकीची ती रबरी चकती, घेऊन आपल्या हद्दीतून बाहेर पडायचा, समोरच्याला अंगावर घ्यायचा आणि ऐन वेळी सोडून द्यायचा. माझा मुलगा डिफेन्सला खेळायचा तेव्हा त्याचा कोच हेच घसा फोडून सांगायचा: पक हातात आहे म्हणून घाबरू नका, दोन पावलं थांबा. ते दोन पावलं थांबणं ज्यांना जमतं ते वेगळे.

पण माझ्यासारखीचं मत कशाला हवं? त्या काळच्या क्रीडा पत्रकारांचं घ्या. 1963 मध्ये लीगच्या पहिल्या ऑल-स्टार संघात, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, पिएर पिलोटच्या जोडीला ब्रूअर. 1962 आणि 1965 मध्ये दुसऱ्या संघात. मग मोठा खंड. आणि 1970 मध्ये, डेट्रॉइटकडून खेळताना, पुन्हा दुसऱ्या संघात. त्या वर्षीची नावं बघा: पहिल्या संघात बॉबी ऑर आणि ब्रॅड पार्क, दुसऱ्यात जॅक लापेरियेर आणि कार्ल ब्रूअर. या चौघांपैकी तिघे तुमच्या भिंतीवर आहेत. चौथा कुठे आहे?

मधला खंड लोक त्याच्या विरुद्ध मोजतात. मला तो त्याच्या बाजूचा वाटतो. 1965 च्या शरदात, कारकीर्द ऐन भरात असताना, इमलॅकशी पटेना म्हणून हा माणूस मेपल लीफ्स सोडून गेला. त्या काळात खेळाडू म्हणजे संघाची मालमत्ता. सोडायचं म्हणजे घरी बसायचं, दुसरीकडे खेळायची सोय नाही. ब्रूअर विद्यापीठात शिकायला गेला आणि मग हौशी खेळाडूचा दर्जा परत मिळवण्यासाठी भांडला. व्यावसायिक खेळून आलेल्याला हौशी म्हणून परत घेणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने ते मिळवलं आणि 1967 ची जागतिक स्पर्धा कॅनडाच्या राष्ट्रीय संघातून खेळला. कॅनडाला कांस्यपदक मिळालं. पुढे अमेरिकेतल्या मस्कीगनच्या संघात एक हंगाम, आणि मग हेलसिंकीच्या एचआयएफके संघात खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत. त्या संघाने 1969 मध्ये फिनलंडचं अजिंक्यपद जिंकलं. चार वर्षांनी परत येऊन, तिशी ओलांडल्यावर, पहिल्याच हंगामात तो पुन्हा ऑल-स्टार. हे किती जणांना जमलं आहे?

पेनल्टीचं मी लपवणार नाही. नियम मोडल्याबद्दल एकूण 1,037 मिनिटं तो पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे मैदानाबाहेर, बसला आणि दोन हंगामांत तर त्या यादीत लीगमध्ये पहिला होता. शिवाय त्याचे ते हातमोजे! हातमोज्यांचे तळवे तो कापून टाकायचा, म्हणजे उघड्या बोटांनी समोरच्याची जर्सी धरता येते आणि पंचाला लांबून फक्त मोजाच दिसतो. लीगला त्यासाठी नियम करावा लागला. तळवा कापलेला हातमोजा आजही नियमपुस्तकात बेकायदा आहे. चलाखी होती, मान्य. पण तुमच्या दालनात काय सगळे संत बसलेत? जर्सी ओढणाऱ्यांना बाहेर काढायचं ठरवलंत तर बचावफळीची अर्धी भिंत मोकळी होईल.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. स्टॅन्ली चषकावर जागा संपली की जुन्या विजेत्यांची पट्टी काढून ठेवतात. 2018 मध्ये 1954 ते 1965 च्या विजेत्यांची पट्टी निघाली आणि तुमच्याकडे आली. तुमच्या इमारतीतल्या बँकेच्या जुन्या तिजोरीत अशा पट्ट्या मांडून ठेवल्या आहेत. त्या पट्टीवर कार्ल ब्रूअरचं नाव तीन वेळा कोरलेलं आहे. म्हणजे तुमच्याच इमारतीत तो आहेच. मानकऱ्यांच्या दालनात तेवढा नाही.

आता खटल्याकडे येते, कारण माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा खेळ तिथेच झाला.

खेळाडूंची पेन्शन योजना 1947 मध्ये सुरू झाली. खेळाडू आपल्या तुटपुंज्या पगारातून वर्षाला काही शे डॉलर भरायचे. तुटपुंज्या हा शब्द मी विचार करून वापरते आहे: त्या पिढीतले कितीतरी जण उन्हाळ्यात दुसरी नोकरी करून घर चालवत. तो पैसा विमा कंपनीकडे गुंतवला गेला. गुंतवताना व्याजाचा अंदाज जपून, कमी धरतात. पण 1981 मध्ये कॅनडात व्याजाचे दर 20 टक्क्यांच्या वर गेले होते. अंदाज चार-पाच टक्क्यांचा आणि कमाई त्याच्या कितीतरी पट. फंडात वरकड रक्कम साठणारच. आमच्या धंद्यात याला सरप्लस म्हणतात आणि सरप्लस दिसला की मालकांच्या डोळ्यांत कशी चमक येते, ते मी टेबलाच्या या बाजूला बसून पाहिलं आहे. लीगच्या मालकांनी काय केलं? ती रक्कम म्हाताऱ्या खेळाडूंना न देता, जे हप्ते त्यांनी स्वतःच्या खिशातून भरायचे होते, त्यांच्यापोटी वळती केली. कागदावर सगळं स्वच्छ. पैसा फंडातच, फक्त भार हलका झाला तो मालकांचा.

तिकडे गॉर्डी हावला, ज्याला मिस्टर हॉकी म्हणायचे, 26 हंगाम लीगमध्ये खेळून वर्षाला पंधरा हजार डॉलरसुद्धा पेन्शन मिळत नव्हती. जगातल्या सगळ्यात मोठ्या हॉकीपटूची ही गत, तर चार-पाच हंगाम खेळून गुडघे मोडून घरी बसलेल्यांचं काय असेल?

हे प्रश्न ब्रूअर आणि त्याची जोडीदार सू फॉस्टर यांनी विचारायला सुरुवात केली. दोघं पत्र लिहीत राहिली, कागद मागत राहिली, जुन्या खेळाडूंना फोन करत राहिली. चिवटपणा म्हणजे काय, तर हा. पेन्शनच्या कागदपत्रांचं मला माहीत आहे: पहिल्या पत्राला उत्तर येत नाही, दुसऱ्याला अर्धवट येतं, आणि तिसऱ्यानंतर बहुतेक लोक नाद सोडतात. यांनी नाद सोडला नाही. 1991 मध्ये सात जण कोर्टात गेले: कार्ल ब्रूअर, अँडी बाथगेट, गॉर्डी हाव, बॉबी हल, अ‍ॅलन स्टॅन्ली, एडी शॅक आणि लिओ रीस. सातांत तीन डिफेन्समन. सातांतले चौघे तुमचे मानकरी. ऑक्टोबर 1992 मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज अ‍ॅडम्स यांनी निकाल दिला की तो वरकड पैसा खेळाडूंचाच. लीगने अपील केलं. 1994 च्या सुरुवातीला अपील कोर्टानेही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षी जुलैत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगला पुढे दाद मागायला परवानगी नाकारली. चार कोटी डॉलरच्या वर रक्कम हजाराहून जास्त माजी खेळाडूंना आणि त्यांच्या वारसांना मिळाली. माझ्या दृष्टीने तो शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. वारस म्हणजे कुणाची तरी विधवा, जिला नवऱ्याच्या हयातीत हा पैसा असल्याचा पत्ताही नव्हता.

माझी पहिली तक्रार इथेच. तुमच्या संग्रहालयात या खटल्याला त्याच्या तोलामोलाची जागा मी कधी पाहिली नाही. जुने मुखवटे आहेत, जुने स्केट आहेत, फुटक्या स्टिका आहेत. हजारावर घरांत चेक पोचवणारा तो निकाल मात्र तुम्हाला दाखवण्यासारखा वाटलेला नाही.

दुसरी तक्रार अ‍ॅलन ईगलसनची. टोरांटोचा हा वकील सुरुवातीला ब्रूअरचाच मित्र. हौशी दर्जा परत मिळवताना ब्रूअरच्या मदतीला तोच होता. 1967 मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि ईगलसन तिचा कर्ताधर्ता झाला. 1991 पर्यंत राहिला. संघटनेचा प्रमुख, खेळाडूंचा एजंट आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा सूत्रधार, तिन्ही टोप्या एकाच डोक्यावर. खेळाडू त्याला देव मानायचे. ब्रूअरने शंका काढल्या तेव्हा त्याला कटकट्या, विक्षिप्त, डोक्यात राख घालणारा म्हणून उडवून लावणारे पुष्कळ होते. गिरणगावात हिशेब मागणाऱ्या कामगारालाही हीच विशेषणं मिळायची, म्हणून ती माझ्या कानात बसली आहेत.

मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या ‘ईगल-ट्रिब्यून’ या छोट्या वर्तमानपत्राच्या रस कॉनवेने 1991 पासून ईगलसनच्या कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली. 1994 मध्ये बॉस्टनमध्ये आरोपपत्र दाखल झालं. जानेवारी 1998 मध्ये ईगलसनने आधी बॉस्टनमध्ये आणि लगेच टोरांटोत गुन्हा कबूल केला. दहा लाख डॉलर दंड, 18 महिन्यांची कैद. ऑर्डर ऑफ कॅनडा हा देशाचा सन्मान काढून घेतला, वकिलीची सनदही गेली.

आणि तुम्ही? 1989 मध्ये तुम्ही त्याला बिल्डर, म्हणजे खेळ उभा करणारा, म्हणून मोठ्या थाटात आत घेतलं होतं. कबुली दिल्यावरही तुमचे पाय उचलेनात. बॉबी ऑर आणि गॉर्डी हाव यांच्यासह तुमच्याच मानकऱ्यांपैकी अनेकांनी ‘तो राहणार असेल तर आमची नावं काढा’ असं ठणकावलं, तेव्हा कुठे हालचाल झाली. मार्च 1998 मध्ये, तुमच्या संचालकांचं मतदान व्हायच्या आधीच, ईगलसनने स्वतः राजीनामा दिला. म्हणजे काढायची वेळच तुमच्यावर आली नाही. सुटलात.

कॉनवेला 1999 मध्ये हॉकी पत्रकारितेचा एल्मर फर्ग्युसन पुरस्कार मिळाला. योग्यच झालं; त्याचं नाव तुमच्या छताखाली आहे. बातमी लिहिणाऱ्याचा मान झाला. ज्यांनी आपली मैत्री, अब्रू आणि उरलंसुरलं आयुष्य पणाला लावून ती बातमी घडवली, त्यांच्यातला पहिला माणूस मात्र तसाच राहिला. पेन्शनचा खटला उभा राहिला तेव्हा लीगचे अध्यक्ष असलेले जॉन झिग्लर 1987 पासून तुमचे मानकरी आहेत. विद्यमान आयुक्त गॅरी बेटमन खुर्चीवर असतानाच 2018 मध्ये आत आले. मी त्यांच्या निवडीला आक्षेप घेत नाही. मी फक्त कोण आत आहे आणि कोण बाहेर, ते एका रांगेत मांडते आहे. हिशेबनीस आहे, सवय जात नाही.

तिसरी तक्रार तुमच्या पद्धतीची. अठरा जण बसता, चौदा मतं मिळाली तर माणूस आत. नाही मिळाली तर? किती मिळाली ते कळत नाही. चर्चा झाली का ते कळत नाही. नाव कुणी मांडलं होतं का, तेही नाही. पेन्शन योजनेच्या विश्वस्तांनी असा कारभार केला असता तर माझ्यासारखीने लाल शाईने पान भरलं असतं. खेळाडूच्या मतांची संख्या फुटली तर त्याचा अपमान होतो, असं तुमच्या बाजूने सांगितलं जातं. बेसबॉलमध्ये दर वर्षी पत्रकारांची मतमोजणी टक्क्यांसकट जाहीर होते; कुणाची अब्रू गेल्याचं ऐकिवात नाही.

एक अडचण मला मान्य आहे. निव्वळ खेळाडू म्हणून ब्रूअरची केस वादाची होऊ शकते. कारकीर्द तुटक आहे. डेट्रॉइटनंतर सेंट लुईसमध्ये दोन हंगाम, मग डब्ल्यूएचए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये टोरांटो टोरोजकडून एक. 1979-80 मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, तो मेपल लीफ्सकडे परत आला आणि 20 सामने खेळला. त्याने त्याच्या लौकिकात काही भर पडली नाही. अठरापैकी पाच जणांना हे पुरेसं वाटलं नाही, तर मला ते पटणार नाही, पण समजेल.

पण तुमच्याकडे दुसरं दार आहे आणि ते तुम्ही स्वतःच उघडून दाखवलं आहे. विली ओरी लीगमध्ये जेमतेम 45 सामने खेळला. लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून, आणि पुढे मुलांसाठी केलेल्या कामासाठी, 2018 मध्ये तुम्ही त्याला बिल्डर म्हणून घेतलं. हर्ब कार्नेगीला वर्णामुळे लीगमध्ये एक सामनाही मिळाला नाही. 2022 मध्ये, मृत्यूनंतर दहा वर्षांनी, तुम्ही त्यालाही बिल्डर म्हणून घेतलं. दोन्ही निर्णय उत्तम. म्हणजे बर्फाबाहेरचं काम मोजता येतं, खेळाडूलाही बिल्डर म्हणता येतं आणि माणूस हयात नसला तरी चालतं. तुमच्या निकषांत चारित्र्य आणि खेळाला दिलेलं योगदान हे दोन्ही लिहिलेलं आहे. हजारावर खेळाडूंना त्यांचा हक्काचा पैसा मिळवून देणं हे योगदान नसेल, तर योगदान कशाला म्हणायचं, ते तुम्हीच लिहून कळवा.

टेड लिंडसेचंही उदाहरण आहे. 1957 मध्ये खेळाडूंची संघटना काढायचा पहिला प्रयत्न त्याने केला. मालकांनी त्याची शिक्षा म्हणून त्याला डेट्रॉइटमधून शिकागोला पाठवलं. आज खेळाडू आपल्यातल्या सर्वोत्तमाला जो पुरस्कार देतात त्याला लिंडसेचं नाव आहे. तुम्ही त्याला 1966 मध्ये घेतलं, तेव्हा समारंभाला बायकामुलांना प्रवेश नाही म्हणून तो आलाच नाही, आणि पुढे तुम्ही तो नियम बदलला. भांडखोर माणसं तुमच्याकडे आधीच आहेत, आणि त्यांच्यामुळे तुमचं काही बिघडलेलं नाही.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत.

पुढच्या बैठकीत कार्ल ब्रूअरचं नाव बिल्डर विभागात मांडा आणि त्यावर मतदान घ्या. नियमाप्रमाणे नाव मांडायचा अधिकार तुम्हा सदस्यांचा आहे. अठरांपैकी एकाने हात वर केला तरी सुरुवात होते. जनतेकडून येणाऱ्या शिफारशींसाठी लागतात ते सगळे कागद मी इंग्रजी पत्राला जोडले आहेत: कारकिर्दीचे आकडे, ऑल-स्टार निवडी, तिन्ही कोर्टांच्या निर्णयांचे संदर्भ.

आजवर त्याच्या नावावर कधी मतदान झालं का, एवढं जाहीर करा. मतं सांगू नका, फक्त हो किंवा नाही.

1992 च्या निकालाला आणि त्या सात वादींना संग्रहालयात एक कपाट द्या. मोठं नको. सातही नावं, निकालातला एक परिच्छेद, पेन्शनची एखादी जुनी पावती. त्याच कपाटात 1989 ते 1998 या काळात ईगलसन मानकऱ्यांत होता आणि मग नव्हता, हेही दोन ओळींत लिहा. लहान मुलं विचारतील तेव्हा सांगायला बरं.

आणि ते कपाट होईल तेव्हा सू फॉस्टरचं नाव विसरू नका. पत्रं दोघांनी मिळून लिहिली होती.

उत्तराची मी वाट बघते. शिफारशी घ्यायची तुमची मुदत दर वर्षी मार्चच्या मध्यापर्यंत असते. यंदा काही झालं नाही तर पुढच्या मार्चमध्ये हेच कागद पुन्हा येतील, त्याच्या पुढच्या वर्षीही येतील. कागद पाठवत राहायची मला सवय आहे.

कळावे,

आपली,
एक निवृत्त पेन्शन कारकून
(मूळची लालबागची, सध्या मिसिसागा)